सोनोग्राफीचा हात पारखायचा कसा : सिम्युलेटरवर की पेशंटवर?

धुळे, जळगाव आणि नंदुरबार, खानदेशात तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सोनोग्राफी शिकणारे हात वाढले. पण रात्रपाळीत कोणाच्या हाती एकट्याने प्रोब (पेशंटच्या अंगावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) द्यायचा, हे बऱ्याच ठिकाणी लॉगबुकातल्या आकड्यावर आणि सरांच्या ‘जमतंय त्याला’वरच ठरतं. शंभर स्कॅन केले म्हणजे शंभर नीट केले असं थोडंच असतं? व्हीआर सिम्युलेटर, म्हणजे पेशंटऐवजी पुतळ्यावर आणि संगणकावर सोनोग्राफीचा सराव नि परीक्षा घेणारं यंत्र, घ्यायचा विचार करणाऱ्या विभागप्रमुखांसाठी हा आढावा.

सिम्युलेटरची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे प्रत्येक परीक्षार्थीला तोच पेशंट मिळतो. गर्भनलिकेतली गर्भधारणा परीक्षेच्या तारखेला हजर होत नाही, आणि झालीच तर एकापाठोपाठ एक पाच जणांनी त्या बाईची योनीमार्गे तपासणी करायची, हे माणुसकीला धरून नाही. इथे डमी प्रोब असतो, सेन्सर त्याची जागा आणि कोन टिपतात, पडद्यावर त्यानुसार चित्र बदलतं. काही यंत्रांत हाताला दाबही जाणवतो.

अपघाताच्या पेशंटची फास्ट तपासणी घ्या, म्हणजे पोटात रक्तस्राव झालाय का हे पाहणारी झटपट सोनोग्राफी. उजव्या कुशीत यकृत आणि मूत्रपिंड यांमधली फट काळी दिसली नाही की नवखा डॉक्टर ‘निगेटिव्ह’ म्हणून पुढे सरकतो. रक्त थोडंच असेल तर ते बऱ्याचदा आधी यकृताच्या खालच्या टोकाशी दिसतं. प्रोब तिथवर गेला होता का, हे सिम्युलेटरला नोंदवता येतं. मागाहून नुसतं फ्रीझ केलेलं चित्र पाहणाऱ्या परीक्षकाला ते कळणार नाही.

मात्र यंत्राने दिलेला प्रत्येक गुण खरा मानू नका. कोपनहेगनच्या अभ्यासकांनी योनीमार्गे तपासणीच्या सिम्युलेटरवर नवखे आणि तज्ज्ञ दोघांनाही बसवलं, तेव्हा यंत्राच्या बऱ्याचशा मापांत दोघांमध्ये फरकच दिसला नाही. नवख्यांना ओळखू शकली तेवढीच मापं त्यांनी परीक्षेसाठी धरली.

पेशंटवरच्या परीक्षेला शिस्त लावायची तर ‘ओसॉस’ (OSAUS) ही सोनोग्राफीचं कौशल्य मोजणारी मोजपट्टी आहे. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीतून ती २०१३ साली पुढे आली. तपासणीचं कारण, मशीनची जाण, चित्र सुधारणं, क्रमवार तपासणी, अर्थ लावणं, नोंद आणि पुढचा निर्णय अशा सात मुद्द्यांवर १ ते ५ गुण. खर्च कागदाचा आणि परीक्षकाच्या वेळेचा. वेळ हीच आपल्याकडे महाग, हेही खरं.

तरीही ही परीक्षा टाळता येत नाही. प्लीहा फासळ्यांआड लपली की ‘श्वास आत घ्या, धरून ठेवा’ म्हणावं लागतं. धडगावहून आलेल्या पावरी बोलणाऱ्या आजींना ते समजावणं, जेलच्या गार स्पर्शाने त्या दचकल्या तर थांबणं, पोटातल्या गॅसमधून वाट काढणं, यातलं काहीच पुतळा विचारत नाही. (पुतळा उपाशीपोटी आलाय का, हेही विचारावं लागत नाही!)

गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याची बाजू वेगळी. खऱ्या मशीनवर गर्भवतीची तपासणी परीक्षेसाठी केली तरी नोंदणीकृत केंद्र हवं, त्या कायद्याखालचा एफ फॉर्म (गर्भवतीच्या तपासणीची नोंद) भरायला हवा. डमी प्रोबमधून ध्वनिलहरी निघत नाहीत, तरी हा कायदा सिम्युलेटरला लागू होतो का, याचं लेखी उत्तर खरेदीआधी जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडून (कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडून) घ्या. पुढचे हेलपाटे वाचतील. एमबीबीएस डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांत सांगितलेलं ३०० तासांचं प्रशिक्षण आहेच. सिम्युलेटरवर कितीही गुण मिळाले तरी त्यातून सुटका नाही.

माझं मत विचाराल तर वीस-तीस खाटांच्या दवाखान्याने या भानगडीत पडू नये; ओसॉसचा तक्ता आणि बाहेरचा एक परीक्षक पुरे. महाविद्यालयांनी मात्र तिघांत मिळून एक यंत्र घ्यावं आणि ते उंबरठ्यावरच्या परीक्षेसाठी वापरावं: इथे पास झाल्याशिवाय पेशंटला हात नाही, आणि एकट्याने ड्यूटी पेशंटवरच्या परीक्षेनंतरच. करारात मॉड्यूलचं (यंत्रातल्या सरावाच्या केसेसच्या संचाचं) वार्षिक शुल्क, जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात एसी बंद पडला तर यंत्र किती तापमानापर्यंत चालेल, आणि इंजिनिअर किती दिवसांत येईल, हे लिहून घ्या.

डेमोच्या दिवशी विक्रेत्याच्या माणसाला यंत्र चालवू देऊ नका. तुमच्याकडचा सगळ्यात मुरलेला सोनोलॉजिस्ट आणि कालच रुजू झालेला इंटर्न, दोघांना एकच केस द्या. दोघांचे गुण जवळपास सारखे आले, तर ते यंत्र परत पाठवा.