महालक्ष्मी एक्स्प्रेस: ऑफिसच्या कामासाठी एकट्या मुंबईला निघणाऱ्या आयांसाठी

मुंबईला ऑफिसचं काम निघालं आणि घरी लहान मूल असेल, तर कोल्हापुरातल्या बाईला आम्ही बिनदिक्कत रात्रीची महालक्ष्मी सुचवू. खासगी स्लीपर बसमध्ये झोप लागते, पण शौचालय नसतं. ड्रायव्हर हायवेच्या हॉटेलवर थांबेल तेव्हाच उतरायचं, म्हणून बायका संध्याकाळपासूनच पाणी पिणं सोडतात. ते अंगाला सोसत नाही.

गाडी नऊच्या आत सुटते आणि सकाळी साडेसातच्या आसपास सीएसएमटीला पोचते. मधल्या वेळात सॉक्स कुठे आहेत हे कुणी विचारत नाही की सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवावी लागत नाही. आईच्या वाट्याला येणारी अशी सलग रात्र फार दुर्मीळ, तेव्हा तिचा आनंद वाटण्यात अपराधी वाटायचं काहीच कारण नाही.

ही रात्र पदरात पडणार की नाही, हे बर्थवर ठरतं. एसी थ्री टियरमध्ये आठ-आठ बर्थचा कप्पा असतो: 1 आणि 4 खालचे, 2 आणि 5 मधले, 3 आणि 6 वरचे, 7-8 साइडचे. एकटीने वरचाच घ्यावा. खालच्यावर मिरजेपर्यंत माणसं बसलेली असतात आणि मधला शेजाऱ्यांच्या मर्जीने उघडतो. वरच्यावर चढलं की लगेच आडवं होता येतं. डब्याच्या मधल्या भागातले 27, 30, 35, 38 हे नंबर उत्तम, कारण शौचालयाचं दार आणि तिथली वर्दळ लांब राहते. स्लीपरने जाणार असाल तर एकट्या बाईसाठी 6 बर्थचा लेडीज कोटा असतो. बुकिंग करताना तो मुद्दाम निवडावा लागतो, आणि नेमकं तेच बऱ्याच जणी विसरतात.

घरी ठेवलेलं बाळ अंगावर पीत असेल तर थोडे पैसे जास्त घालून टू टियरच घ्या. तिथे पडदे असतात, थ्री टियरमध्ये नसतात. सहाच्या कप्प्यातला 2 किंवा 4 नंबर वरचा. दर तीन-चार तासांनी दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, ताप भरतो. रात्री डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवले जातात, त्यामुळे विजेच्या पंपावर विसंबू नका. हाताने चालणारा पंप जवळ हवाच. काढलेलं दूध साध्या हवेत 4 तास, बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत 24 तास आणि फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. बहुतेक वेळा घोटाळा पॅकमुळे होतो: दुपारपर्यंत ते वितळतात आणि परतीच्या रात्री पिशवी नुसती पिशवी उरते. ऑफिसात पोचल्या पोचल्या बाटल्या फ्रिजमध्ये आणि पॅक फ्रीजरमध्ये ठेवा, निघताना गोठलेले पॅक परत भरा.

जेवण घरूनच न्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. रस्सा नको, वरच्या बर्थवर सांडला तर रात्रभर वास. सोबत टिश्यू आणि कागदी साबण असू द्या, पहाटेपर्यंत शौचालयाची अवस्था सांगता येत नाही.

या गाडीची खरी उणीव म्हणजे पहाटे चारच्या सुमारास येणारं पुणे. दिवे लागतात, बॅगा ओढल्या जातात, फोन वाजतात. कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी असेल तर निभावतं. पुढे खंडाळ्याच्या घाटात रेंज जाते. म्हणून बाळ उठल्याचा पहिला फोन कल्याणनंतर करायचा, असं घरी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर घरचे उगाच घाबरतात. काम परळ किंवा बीकेसीला असेल तर दादरलाच उतरा. आंघोळीसाठी सीएसएमटीची रिटायरिंग रूम पीएनआरवर आधी बुक करता येते. वाटेत कुणी त्रास दिला तर गप्प बसू नका, रेल्वेची हेल्पलाइन 139 लावा.

जायचं आणि यायचं तिकीट एकत्रच काढा. बुकिंग 60 दिवस आधी सुरू होतं. मीटिंग लांबेल या भीतीने परतीचं तत्काळवर सोडू नका, ते गाडीच्या आदल्या दिवशीच उघडतं, एसीचं सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला; मीटिंग लांबली हे कळेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. परतीची गाडीही कोल्हापुरात सकाळी सातनंतरच येते, तेव्हा त्या दिवशीचा शाळेचा डबा बाबांकडे सोपवा आणि ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा.