सुविचारांची टेबल दिनदर्शिका: शाळेच्या परिपाठातील वापरानंतरचा अनुभव

नामवंतांच्या वचनांची ही टेबल दिनदर्शिका मी जून महिन्यात, शाळा सुरू होताना घेतली आणि तेव्हापासून आठवीच्या वर्गाच्या परिपाठासाठी ती जवळजवळ रोज वापरतो आहे. तिच्यावर वर्ष किंवा वार छापलेला नसून केवळ तारीख आणि महिना असल्यामुळे ती दरवर्षी चालते. प्रत्येक पानावर एक वचन आणि त्याखाली बोलणाऱ्याचे नाव असते. किंमत साडेतीनशे रुपयांच्या आसपास आहे. बाजारात अशा दिनदर्शिका पुष्कळ आहेत आणि त्यांची घडण बहुतेक सारखीच असते, म्हणून प्रकाशनाचे नाव घेण्यापेक्षा अशा संग्रहाचा उपयोग कितपत होतो, हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

वस्तू म्हणून ती चांगली आहे. कागद जाड असून शाई मागे उमटत नाही आणि पान उलटताना स्पायरलमध्ये अडकत नाही. पुठ्ठ्याचा स्टँड मात्र कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नरम पडला आणि मागच्या बाजूने आधार द्यावा लागला. वचनाचा टाइप मोठा आहे. नाव मात्र फिकट करड्या रंगात इतके बारीक छापले आहे की, फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या मुलीला दिनदर्शिका खिडकीपाशी नेऊन ते वाचावे लागते. साल, प्रसंग, ग्रंथ यांपैकी काहीही दिलेले नाही. माझी मुख्य तक्रार याच बाबीची आहे, कारण वचन कोणी, कधी आणि कोणासमोर उच्चारले हे कळले नाही, तर मुले ते सुवाच्य अक्षरात लिहितात आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरून जातात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण महात्मा फुले यांच्या स्मृतिदिनाच्या, म्हणजे 28 नोव्हेंबरच्या पानावर आहे. ‘विद्येविना मती गेली’ येथून सुरू होऊन ते वचन ‘गतीविना वित्त गेले’ येथपर्यंत येते आणि तेथून थेट ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’ या ओळीवर जाते. मधली ‘वित्ताविना शूद्र खचले’ ही ओळ गाळलेली आहे. शाळांच्या भिंतींवरही ती अनेकदा अशीच गाळलेली दिसते, आणि दरवेळी मला तितकेच वाईट वाटते. जोतीरावांनी या ओळी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी लिहिल्या. त्या संपूर्ण ग्रंथात शेतकऱ्याला एकीकडून धर्माच्या नावाने आणि दुसरीकडून सरकारी कामगारांकडून कसे नागवले जाते, याचे तपशीलवार वर्णन आहे. खचले कोण, हे सांगणारी ओळच काढली, तर उरतो तो शिक्षणाचे महत्त्व सांगणारा एक सर्वसाधारण उपदेश, आणि तो कोणीही केला असता. त्या दिवशी आम्ही फळ्यावर सहाही ओळी लिहिल्या आणि गाळलेली ओळ लाल खडूने अधोरेखित केली. ज्यांच्या घरी शेती आहे त्या मुलांनी खताचे भाव, भाताची विक्री आणि सोसायटीचे कर्ज यांविषयी आपणहून बोलायला सुरुवात केली, आणि पहिला तास त्यातच गेला.

समर्थ रामदासांच्या बाबतीतही हेच घडले आहे. ‘सामर्थ्य आहे चळवळीचे, जो जो करील तयाचे’ एवढेच छापून ‘परंतु तेथे भगवंताचे अधिष्ठान पाहिजे’ हा भाग सोडून दिला आहे. वाचणाऱ्याची श्रद्धा असो वा नसो, कवीने घातलेली अट त्याच्या वचनातून वगळण्याचा अधिकार संपादकाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही पानांवर नावच चुकीचे आहे. ‘तुमचे म्हणणे मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन’ हे वाक्य व्हॉल्तेर यांच्या नावावर दिले आहे. वास्तविक ते इव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने टोपणनावाने लिहिलेल्या आणि 1906 साली प्रसिद्ध झालेल्या व्हॉल्तेरविषयक पुस्तकातील आहे. हेल्व्हेशियस या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या ग्रंथावर कारवाई झाली तेव्हा व्हॉल्तेर यांची वृत्ती कशी होती, हे तिने आपल्या शब्दांत मांडले होते. ‘जगात जो बदल पाहायचा आहे, तो बदल स्वतःच व्हा’ हे गांधीजींचे म्हणून छापलेले वाक्य तर त्यांच्या लेखनात या रूपात सापडत नाही. शेक्सपिअरच्या नावावर असलेले ‘स्वतःशी प्रामाणिक राहा’ हे वचन ‘हॅम्लेट’ नाटकात पोलोनियस हे पात्र आपल्या मुलाला निरोप देताना ऐकवतो, आणि पुढच्याच अंकात त्याच मुलावर पाळत ठेवण्यासाठी माणूस पाठवतो. पात्राचे बोलणे लेखकाचे मत म्हणून छापले, की नाटककाराने त्यात पेरलेला सगळा अर्थ निघून जातो.

आइन्स्टाइन यांचे गांधीजींविषयीचे प्रसिद्ध वाक्य, असा हाडामांसाचा माणूस या पृथ्वीवर वावरला होता यावर पुढच्या पिढ्यांचा विश्वास बसणार नाही या आशयाचे, 30 जानेवारीच्या पानावर श्रद्धांजली म्हणून घातले आहे. ते 1939 साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेले आहे. जिवंत, रोज टीका झेलणाऱ्या राजकीय नेत्याविषयी असे लिहिणे हे मृत्यूनंतर लिहिण्यापेक्षा फार मोठे आहे, आणि तारीख नसल्यामुळे ते मोठेपण वाचकापर्यंत पोहोचत नाही.

इतके दोष असूनही मी ही दिनदर्शिका वापरणे थांबवलेले नाही, याचे कारण 26 नोव्हेंबरच्या पानावरून सांगता येईल. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे लोक वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विधान तेथे आहे, आणि संविधान कितीही वाईट असले तरी राबवणारे चांगले असतील तर ते चांगले ठरू शकेल, हा त्याचा उत्तरार्धही जागेवर आहे. या एका पानामुळे आम्ही संविधान सभेतील 25 नोव्हेंबर 1949 चे त्यांचे संपूर्ण भाषण वर्गात वाचायला घेतले. त्यात लोकशाही टिकवण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: सनदशीर मार्गच धरावेत, कोणत्याही थोर पुरुषाच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये. धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात विभूतिपूजा ही अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, या इशाऱ्यावर मुलांचा वाद पुढे कित्येक दिवस चालू होता. थोरांच्या वचनांच्या संग्रहाने थोरांविषयीच असा प्रश्न विचारायला लावावा, यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

लोकमान्य टिळकांच्या जयंतीला, 23 जुलैला, अपेक्षेप्रमाणे ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हेच वाक्य आहे. ते मुलांना पाठच असते. म्हणून आम्ही त्या दिवशी 22 जुलै 1908 ची रात्र घेतली. राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने बहुमताने दोषी ठरवल्यानंतर, शिक्षा ऐकण्यापूर्वी, टिळक मुंबई उच्च न्यायालयात म्हणाले की ज्यूरीचा निर्णय काहीही असला तरी मी निर्दोष आहे. ते पुढे म्हणाले की मानवी व्यवहारांवर अधिक मोठ्या शक्तींची सत्ता आहे, आणि माझ्या मोकळे राहण्यापेक्षा माझ्या हालांमुळेच माझ्या कार्याची भरभराट व्हावी, अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल. समोर बसलेल्या न्यायमूर्ती दावर यांनीच 1897 च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. एवढे सांगून झाल्यावर वर्गात पूर्ण शांतता होती.

निवडीविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी: स्त्रियांची वचने फारच थोडी आहेत. बहिणाबाईंची बोली जशीच्या तशी ठेवली आहे, ही समाधानाची बाब; पण 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे कोठेच नाहीत, आणि पंडिता रमाबाईही नाहीत. समाजाविषयी इतक्या धारदारपणे बोलणाऱ्या लेखिका मराठीत असताना ही उणीव क्षम्य नाही.

ऑफिसच्या टेबलावर शोभेसाठी ठेवायची असेल, तर ही दिनदर्शिका घेण्याचे कारण मला दिसत नाही. शाळेसाठी, ग्रंथालयासाठी किंवा घरी मुलांबरोबर वाचण्यासाठी मात्र ती जरूर घ्यावी. फक्त आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे काढून उद्याच्या पानाचे मूळ शोधून ठेवावे. प्रत्येक पानाची मागची बाजू कोरी आहे. आम्ही तेथे पेन्सिलीने साल, स्थळ आणि ग्रंथ लिहितो, नाव चुकीचे असेल तर खोडून योग्य नाव घालतो आणि गाळलेल्या ओळी पूर्ण करतो. जूनमध्ये ती पुढच्या आठवीच्या वर्गाकडे या नोंदींसह जाईल.