मुक्काम कुठे करावा : इंटरलाकेन की गिमेलवाल्ड?

स्वित्झर्लंडमधल्या बर्नीज ओबरलांड या डोंगराळ भागाची सहल स्वतः आखणाऱ्यांचा घोळ बहुधा मुक्कामाच्या गावावरून होतो. पहिल्या खेपेस आम्ही चार रात्री इंटरलाकेनला काढल्या. थुन आणि ब्रिएन्झ या तलावांमधल्या या गावात सोयींना तोटा नाही. रेल्वे हाताशी, भारतीय जेवण जवळ, आणि यश चोप्रांचा पुतळाही आहे, ज्याच्याजवळ फोटो काढल्याशिवाय घरची मंडळी पुढे सरकत नाहीत.

खटकली ती एकच गोष्ट. उन्हाळ्यात या डोंगरांवर आकाश पुष्कळदा सकाळीच मोकळे असते आणि दुपारकडे ढग चढू लागतात. गावातून युंगफ्राउचे शिखर स्वच्छ दिसले की आम्ही चहा कसाबसा घशाखाली उतरवून निघत असू. रेल्वेने दरीतले लाउटरब्रुनेन गाव, तिथून बसने श्टेशेलबर्ग, मग रोपवे. असे करत एकदा 2970 मीटर उंचीच्या शिल्थॉर्नवर पोहोचलो, तेव्हा कठड्यापलीकडे पांढऱ्या धुक्याखेरीज काहीच नव्हते, आणि तिकिटाचे पैसे अर्थातच गेले. चार दिवसांत अशी हुलकावणी तीनदा मिळाली.

दुसऱ्या खेपेस शिल्थॉर्नच्याच उतारावर, 1363 मीटरवरच्या गिमेलवाल्डला राहिलो. मोटारी नसलेली ही इवलीशी वाडी आहे. उतारावरचे गवत कापणारी माणसे, घरांच्या वळचणीला रचलेले सरपण आणि रात्रीही मधूनच किणकिणणाऱ्या गाईंच्या घंटा. पहाटे पडदा सारून वर पाहायचे, आकाश निवळ असेल तर निघायचे, नसेल तर पुन्हा पांघरुणात शिरायचे. वरचे म्युरेन गाव पायी जेमतेम पाऊण तासावर आहे आणि ढगाळ दिवशी खाली त्रुमेलबाखला जाता येते. डोंगराच्या पोटातले ते दहा धबधबे पाहायला आकाश कसेही असले तरी चालते.

लाउटरब्रुनेन हा मधला मार्ग म्हणता येईल, पण तिथल्या गर्दीत आमचे मन रमले नाही. सोबत वृद्ध आईवडील असतील किंवा दोन्ही वेळा वरणभात लागत असेल, तर इंटरलाकेनच बरे, कारण वाडीत किराण्यासाठीसुद्धा म्युरेन गाठावे लागते. तसे नसेल, तर निदान दोन रात्री वर काढाव्यात, असे मला वाटते. सामान मात्र पाठीवर मावेल एवढेच न्यावे. आमच्या बॅगेचे एक चाक रोपवेच्या स्थानकाबाहेरच्या पहिल्याच चढावर निखळले.