१६×२ एलसीडी मॉड्यूल: पडदा चोख, नियंत्रक मंद

हिताचीच्या एचडी४४७८० नियंत्रकाशी (पडदा चालवणाऱ्या चिपशी) सुसंगत म्हणून विकले जाणारे, निर्मात्याचे नाव कुठेही नसलेले, दोन ओळींत प्रत्येकी १६ अक्षरे दाखवणारे हे मॉड्यूल दिसायला चोख आहे. अक्षरे ठळक, मागचा उजेड एकसारखा, सोल्डरिंगही स्वच्छ. खरी कटकट ड्रायव्हर, म्हणजे पडद्याला कमांड पाठवणारा प्रोग्रॅम, लिहिताना सुरू होते. मूळ नियंत्रकाच्या डेटाशीटनुसार साधी कमांड ३७ मायक्रोसेकंदांत आणि पडदा पुसण्याची १.५२ मिलिसेकंदांत पूर्ण होते. पण हे आकडे आतला ऑसिलेटर (कामाचा वेग ठरवणारे स्पंदन-मंडल) २७० किलोहर्ट्‌झवर चालतो असे धरून दिलेले आहेत, आणि या नकलेतला त्याहून मंद असावा, कारण तेवढेच थांबून मजकूर पाठवला की पडदा पुसल्यानंतरचे पहिले अक्षर हमखास गळते. पुसल्यावर ३ मिलिसेकंद आणि प्रत्येक अक्षरानंतर १०० मायक्रोसेकंद थांबल्यावर तक्रार उरली नाही. वीजपुरवठा सुरू झाल्यावरही निदान ४० मिलिसेकंद थांबावे, नाहीतर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसत राहतात.

खरे तर असे अंदाजपंचे थांबण्यापेक्षा डीबी७ या डेटा पिनवरचा बिझी फ्लॅग, म्हणजे नियंत्रक अजून कामात आहे का हे सांगणारी खूण, वाचणे केव्हाही बरे, पण या बोर्डावर वाचायचे की लिहायचे हे ठरवणारी आरडब्ल्यू पिन थेट ग्राउंडला जोडलेली, म्हणजे कायम लिहिण्यावरच ठेवलेली असल्याने तो मार्गच बंद आहे. ही काटकसर मला अजिबात पटली नाही. घड्याळ किंवा तापमापकासाठी मॉड्यूल घ्यायला हरकत नाही. भराभर बदलणारे आकडे दाखवायचे असतील, तर आरडब्ल्यू पिन मोकळी असलेलेच मागून घ्यावे.