गोळ्या देण्याआधी चार गोष्टी विचारणारं मेडिकल

पाच तारे. तक्रारीही आहेत, त्या शेवटी लिहितो.

मी एसटीतून रिटायर झालोय, जुळे सोलापुरात राहतो. माझ्या बायकोचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि नंतर केमो लागली. दर तीन आठवड्यांनी एक दिवस हॉस्पिटलात ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन, आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ चौदा दिवस. मग सात दिवस सुट्टी. या गोळ्या आम्ही इथूनच घेतो.

गोळी म्हटली की येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती हलकी वाटते. सलाईन तेवढी खरी केमो, असा समज. इथल्या फार्मासिस्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी तो समज काढून टाकला. चिठ्ठी हातात घेतली आणि विचारलं, "काकू अजून काय काय घेतात? सगळ्या पट्ट्या दाखवा." पिशवी काउंटरवर रिकामी केली. बीपीची गोळी ठीक होती. रक्तवाढीची गोळी त्यांनी उचलून बाजूला ठेवली. त्यात लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं, आणि फॉलिक ॲसिडनं कॅपेसिटाबिनचे त्रास वाढू शकतात. आमच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी ती बंद करून नुसत्या लोहाची लिहून दिली. मगच पट्ट्या हातात आल्या. आधी आम्ही ज्या मेडिकलमधून औषधं घ्यायचो तिथं कुणी मान वर करूनही बघत नव्हतं. बिल मागितलं तर "कशाला पाहिजे?" म्हणायचे.

मॅडमनी आणखी दोन नावं सांगितली. रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि फिटची फेनिटॉइन. यातली एखादी चालू असेल तर कॅपेसिटाबिन सुरू होण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्यांचा परिणाम वाढतो आणि रक्त वरचेवर तपासावं लागतं. काही माणसांच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांना नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. त्याची तपासणी असते, डॉक्टरांना विचारा.

गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, अख्खी. कुटायची नाही, तोडायची नाही. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. उलटीत पडली तरी लगेच दुसरी नाही. डोस उंची-वजनावर ठरतो, म्हणून पाचशे आणि दीडशे मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळून येतात. शेजारच्या पेशंटच्या गोळ्यांशी आपल्या मोजून बघण्यात अर्थ नाही.

आता हातांबद्दल, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त जड गेलं ते हेच. या गोळीनं तळहात-तळपाय लाल होतात, चुरचुरतात, पुढे सोलतात. घर्षणानं आणि उष्णतेनं ते वाढतं. मॅडमनी हिचा तळहात उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "काकू, भाकरी थापायची बंद." आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी. पिठावर दोन्ही तळव्यांनी थाप, मग तव्याची धग, वरून पाण्याचा हात. तिन्ही गोष्टी नेमक्या त्याच कातडीवर. हिला ते फार लागलं. भाकरी दुसऱ्याच्या हातची खायची म्हणजे आपण आजारी आहोत हे रोज ताटात बघायचं, असं ती म्हणाली. मॅडमनी घाई केली नाही. मागे रांग होती तरी ऐकून घेतलं. युरियाचं मलम दिलं, दिवसातून दोन-तीनदा हलक्या हातानं लावायचं, चोळायचं नाही. धुणं पिळायचं नाही, चप्पल सैल, अंघोळ कोमट पाण्यानं. सून आता भाकऱ्या थापते आणि ही शेजारी बसून पीठ मऊ झालंय की नाही ते सांगते. फोड आले किंवा दुखून काम करता येईना, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

ऑक्झॅलिप्लॅटिनचं वेगळंच. सलाईननंतर काही दिवस थंड काही सहन होत नाही. बोटांत मुंग्या येतात, गार घोट घशाखाली उतरताना कोंडल्यासारखं होतं. सोलापुरातला एप्रिल आणि माठाला हात लावायचा नाही! साधं, किंचित कोमट पाणीच. फ्रीज उघडायचं काम माझ्याकडे.

मॅडमनी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, ते आमच्या फ्रीजवर चिकटवलंय. ताप १००.४ किंवा त्याहून जास्त, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल, घरी तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी असतील तर जंतुसंसर्ग झपाट्यानं पसरतो. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब, किंवा रात्री उठून जावं लागलं, तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं तर तसंच. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना हेच सगळं त्या तेलुगूत सांगत होत्या. हे आपल्या सोलापुरातच दिसतं.

काढे घेऊन येणाऱ्या नातेवाइकांसाठीही त्यांचं उत्तर तयार असतं. गुळवेलीनं यकृताला इजा झालेल्या पेशंटांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलीय. केमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही. हे मला मनापासून पटतं. माया म्हणून आणलेली बाटलीही औषधच असते.

इथं पक्कं बिल मिळतं, बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेलं. मार्च २०२४ मध्ये दिल्लीत पोलिसांनी महागड्या केमोच्या रिकाम्या कुप्यांत बुरशीवरचं औषध भरून विकणारी टोळी पकडली होती, तेव्हापासून मी बिलाशिवाय पट्टीला हात लावत नाही. फ्रीजमधली इंजेक्शनं बर्फाच्या पिशवीसकट देतात आणि फ्रीझरमध्ये ठेवू नका असं बजावतात. सरकारनं २०१९ मध्ये ४२ कॅन्सर औषधांवर विक्रीतल्या नफ्याची मर्यादा ३० टक्के केली, तरी ब्रँडप्रमाणे किमतीत फरक असतोच. स्वस्त ब्रँड कुठला हे मॅडम न विचारता सांगतात. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसत असाल तर आधी हॉस्पिटलातल्या त्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, असंही सांगतात. स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारा सल्ला आहे तो.

आता तक्रारी. बसायला बाक नाही. केमोचा पेशंट उन्हात उभा राहतो, हे बरोबर नाही. दोन खुर्च्या तरी ठेवा. रविवारी दुपारनंतर बंद, घरपोच नाही. कमी खपाच्या गोळ्या मागवाव्या लागतात, म्हणून सुट्टीचे सात दिवस संपायच्या आधी फोन करून सांगून ठेवा. पैसे मॅडम आगाऊ घेत नाहीत. पुढच्या केमोआधीचा रक्ताचा रिपोर्ट बघतात आणि मगच गोळ्या देतात, कारण पेशी कमी आल्या तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात किंवा डोस कमी करतात, आणि सगळ्या गोळ्या एकदम नेलेल्या असल्या तर त्या घरात पडून राहतात.