जंगल राखायचं कुणी: संयुक्त वनव्यवस्थापन की सामूहिक वनहक्क?

दोन्हींत गावाची समिती असते, म्हणून गल्लत होते. संयुक्त वनव्यवस्थापन शासन निर्णयावर चालतं. जंगल वनविभागाचंच, गावाने राखण करायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. रोपवनासाठी पैसा आणि तांत्रिक मदत मिळते, पण निधी आटला की समिती कागदावर उरते.

सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा गावाचा हक्क, २००६च्या वनहक्क कायद्याने येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळाला. बांबूचे वाहतूक परवाने मात्र २०११ मध्ये, झगडूनच. कारण मालकी कागदावर असली तरी परवान्याविना ट्रक नाक्यापुढे जात नाही.

खरा फरक बांबूच्या बेटात दिसतो. यंदाचे वास्ते (कोवळे कोंब) आणि वर्षभराच्या काठ्या राखायच्या, पिकलेल्याच तोडायच्या, तोड जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर घ्यायची, पावसाळ्यात कोयता लावायचा नाही. वनविभागाच्या जंगलात तोड करणाऱ्या ठेकेदाराची नजर हंगामापुरती. तो बाहेरच्या सोप्या काठ्या आधी नेतो आणि आत गुंता वाढतो. पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे परतणारी ग्रामसभा असं करत नाही.

आमचा कौल स्पष्टपणे वनहक्काला. दावा करताना नमुना ‘ख’च्या अर्जावर थांबू नका. त्यात वापराचे हक्क येतात. राखण्याचा, व्यवस्थापनाचा हक्क नमुना ‘ग’मध्ये आहे. सोबत ग्रामसभेचा ठराव, पारंपरिक सीमांचा नकाशा, निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची सरकारी नोंद) आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब जोडा.