बिडाचं स्किलेट, सहा तंगड्या आणि एक कानस

खोकं उघडल्या उघडल्या मी ते स्किलेट, म्हणजे दांड्याचा काठवाला तवा, दांड्याच्या भोकात दोरी घालून टांगलं आणि पळीनं एक टोला दिला. टण्ण करून वाजलं. बीड चिरलेलं असलं की बद्द वाजतं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ३१ वर्षं मोल्डिंगला, साचे करण्यात काढली, ती सवय अजून सुटलेली नाही.

लेकीनं पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवलेलं आहे. १० इंची, दोन इंच खोल, किंमत १४५० रुपये. आमच्या काट्यावर २ किलो ३०० ग्रॅम भरलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं थोडी तक्रार आहे. ओतकाम चांगलं आहे. कडेची जाडी सगळीकडं सारखी, ब्लो होल, म्हणजे हवा अडकून पडलेलं भोक, कुठं नाही. पण दांड्याच्या दोन्ही बाजूंना साच्याच्या जोडाची धार तशीच ठेवलेली! फेटलिंगला, म्हणजे अशा धारा घासून काढायला, माणूस होता की नाही कोण जाणे. आमच्याकडं असला नग इन्स्पेक्शनमधूनच परत आला असता. झाकण सोबत येत नाही, ही दुसरी तक्रार.

सौ. म्हणाली, "आहो, बिडाचा तवा माझ्याकडं हाय की. ह्ये धोंडं कशाला?" तिचा तवा गगनबावड्याहून, माहेरून आलेला. त्यावर आंबोळ्या होतात, जाळीदार. तिला म्हटलं, मग त्यावरच तंगड्या भाजतो. "माझ्या तव्याला कोंबडी लावून तर बघा!" विषय संपला. तसंही सपाट तव्यावर सुटलेली चरबी थेट शेगडीवर गेली असती. इथं दोन इंची काठ आहे, ती आतच राहते.

पहिल्या रविवारी फजिती झाली, ती भांड्याची नव्हे, माझी. दही, आलं-लसूण, घरची कांदा-लसूण चटणी असं सगळं चोळून रात्रभर ठेवलं आणि मोठ्या आचेवर टाकलं. दहा मिनिटांत घर धुरानं भरलं. वरून कोळसा, हाडाजवळ कच्चं, आणि दह्याची खरपूड बुडाला अशी बसली की उलथनं वाकायची वेळ आली. खोक्यावर ‘प्री-सीझन्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे तेलाचा एक हात कारखान्यातच भाजून आलेला असतो. तो पातळ असतो. दही, टोमॅटो, चिंच असलं आंबट त्याला पहिले काही महिने दाखवू नये.

दुसऱ्या खेपेला डोकं वापरलं. आमच्याकडं चिकनवाला न विचारता कातडं सोलून टाकतो. कातडीसकट लेग पीस मागितल्यावर त्यानं विचारलं, "काका, कुत्र्याला का?" मी म्हटलं, मलाच. सहा नग ७२० ग्रॅम भरले. फक्त मीठ आणि हळद लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवले, म्हणजे कातडी सुकते. ओली कातडी तव्यावर आधी शिजते, खरपूस होतच नाही.

आता बिडाची एक खोड सांगतो. लोक म्हणतात बीड सगळीकडं सारखं तापतं. उलट आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता त्यातून फार सावकाश पसरते. घरच्या बर्नरवर मधला भाग लाल व्हायच्या बेतात आणि काठ कोमट, असंच होतं. पण एकदा तापलं की वजनामुळं ती उष्णता धरून ठेवतं, गार मांस टाकलं तरी पटकन मान टाकत नाही. म्हणून बारीक आचेवर ७-८ मिनिटं रिकामं तापवायचं, मग चमचाभर तेल. तंगड्या चक्रासारख्या मांडायच्या, जाड मांस मध्याकडं आणि हाडाचा दांडा काठाकडं.

तंगडी गोल, तिला तीन बाजू समजायच्या. मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला चारेक मिनिटं. चिकटली वाटली तर ओढायची नाही, कातडी खरपूस झाली की आपणच सोडते. मग आच बारीक करून वर परात पालथी घालायची, १५ मिनिटं. शेवटी परात काढून पाच मिनिटं, कातडी परत कुरकुरीत होईपर्यंत.

शिजलंय का, हे रंगावरून ओळखू नका. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम दीड महिन्याची असते, हाड कोवळं, त्यामुळं पूर्ण शिजलं तरी हाडालगत लालसर डाग राहतो. आतून ७४ अंश सेल्सिअसला चिकन खायला सुरक्षित होतं, पण तंगडीतले चिवट धागे तेवढ्यात विरघळत नाहीत. मी ८५ पर्यंत जाऊ देतो, मांस हाडावरून सरकायला लागतं. तेराशेच्या पुढचं वितळलेलं बीड मोजण्यात जन्म गेला, आता ८५ अंशासाठी चष्मा लावून थर्मामीटरचा काटा बघत बसतो.

चटणी सगळ्यात शेवटी. तंगड्या बाहेर काढायच्या, गॅस बंद करायचा, आणि तळाला साचलेल्या चरबीत एक चमचा कांदा-लसूण चटणी टाकायची. तीळ, खोबरं, लसूण सगळं त्यात आधीच भाजलेलं असतं, भांड्याच्या उरलेल्या उष्णतेवरच ती फुलते. तंगड्या त्यात घोळवायच्या. सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. कोल्हापुरात रविवारी मटण सोडून चिकन म्हटलं की पाहुण्यांचं तोंड पडतं, पण त्या दिवशी मेहुण्यानं तीन खाल्ल्या.

धुताना एवढं बघा, तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नका. बीड कडक पण ठिसूळ, तडकलं की सहजी सांधत नाही. साबणाचं एवढं भय नको, पण पुसून, परत गॅसवर कोरडं करून तेलाचा बोळा फिरवाच. मनगट दुखरं असलेल्यांनी हे घेऊ नये. तंगड्यांसकट उचलायचं तर सरळ तीन किलो आहे, आणि दांडाही तापतो.

पाचपैकी चार तारे. दांड्याची धार मी घरच्या कानशीनं अर्ध्या तासात घासून काढली. पाचवा तारा त्या अर्ध्या तासाचा. आणि परवा सौ.नं माझ्या नकळत त्यात वांग्याचे काप केले होते, असं शेजारच्या वहिनींकडून कळलं.